१९२८ च्या न्यूबेरी यादीतलं 'मुकर्जी' हे नाव कुणाचं? आणि नऊ वर्षांच्या मुलीला हे पुस्तक द्यावं का?

मुग्धा_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी. एक नाव सापडलंय, त्याचा माग काढायचाय.

लेक नऊ वर्षांची, चौथीत आहे. तिच्या शाळेच्या लायब्ररीत न्यूबेरी पदक मिळालेल्या पुस्तकांची १९२२ पासूनची यादी भिंतीवर लावलीय. पुस्तक वाचून झालं की त्याच्यापुढे चांदणी चिकटवायची. आमच्या लेकीबाई यादीत 'आपल्यासारखं' नाव शोधत बसल्या आणि थेट १९२८ वर बोट ठेवलं : धन गोपाल मुकर्जी. त्याच्यापुढे एकही चांदणी नाही. पुस्तकाचं नाव 'गे-नेक', एका कबुतराची गोष्ट. घरी आणलं तेव्हा पहिला प्रश्न, "आई, हे आपल्यातले आहेत का?" मी म्हटलं बंगाली दिसतात, म्हणजे आपल्यातलेच. त्यापुढे मलाही काही सांगता येईना. १९२८ मध्ये एका भारतीयाला अमेरिकेतलं बालसाहित्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं आणि मी इतकी वर्षं इथे राहून हे नाव ऐकलेलं नाही!

मी चाळून पाहिलं. आधी कलकत्ता, मग हिमालय, आणि मग एकदम पहिलं महायुद्ध आणि फ्रान्स. लेक हळवी आहे, चित्रातलं मांजर हरवलं तरी तिचा घसा दाटतो. द्यावं का? आणि हे गृहस्थ कोण होते?

शेवंती

खरं सांगू? इतक्या जुन्या पुस्तकाने सुरुवात नका करू. भारतीय नावच हवं असेल तर वीरा हिरानंदानी यांचं 'द नाइट डायरी' आहे. फाळणीच्या वेळची बारा वर्षांची मुलगी, तिने आईला लिहिलेली रोजनिशी. २०१९ मध्ये त्याला न्यूबेरीचा 'ऑनर' मिळालाय. माझ्या मुलाने दोन दिवसांत संपवलं. जुनी इंग्रजी पुस्तकं मुलांना जड जातात, आणि त्यांत आपल्याबद्दल साप-साधू-महाराजा छापाचं काय काय असतं.

गच्चीवरचा

मुग्धाताई, माझ्या आवडीच्या माणसाबद्दल विचारलंत, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी माझा अधिकार सांगतो, कारण तो साहित्याचा नाही, कबुतरांचा आहे. पेठेतल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर माझी ढाबळ होती. आठव्या वर्षापासून कॉलेजात जाईपर्यंत. वडील म्हणायचे, हा पोरगा परीक्षेत नापास झाला तर त्याचं कारण वर घुमतंय. हे पुस्तक मला पुढे चाळिशीत रद्दीवाल्याकडे मिळालं, मागचं पुठ्ठं गेलेलं. लेखक कोण हे माहीत नव्हतं. आठ-दहा पानांत कळलं की हा माणूस गच्चीवर वाढलेला आहे.

पुस्तक सुरूच असं होतं की कलकत्त्यात माणसं दहा लाख, तर कबुतरं निदान वीस लाख असतील. मग नायकाचं कूळ सांगितलंय : बाप टंबलर, म्हणजे आपण ज्याला गिरेबाज म्हणतो तो, हवेत कोलांट्या मारणारा. आई निरोप्या कबुतरांच्या जुन्या घराण्यातली. बाप इतका चलाख की ससाणा अगदी अंगावर आला की ऐन वेळी त्याच्या डोक्यावरूनच कोलांटी मारून निसटायचा. ज्याने गिरेबाज उडवलाय त्याला ही ओळ वाचून हसू येईल, कारण हे असंच होतं आणि बघणाऱ्याचा श्वास खाली येत नाही.

पण मला पकडलं ते अंड्याच्या प्रसंगाने. कबुतराची मादी दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने बसतात आणि साधारण अठराव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. गोष्ट सांगणारा मुलगा घरटं साफ करायला एक अंडं उचलून बाजूला ठेवतो, दुसरं हातात घेतो, आणि एवढ्यात नर त्याच्या तोंडावर झेप घेतो. मुलगा दचकतो, अंडं पडतं, फुटतं. उरलेल्या एका अंड्यातून या पुस्तकाचा नायक जन्मतो. सगळ्या पराक्रमाच्या गोष्टीची सुरुवात मुलाच्या एका चुकीने!

मी नेमकं हेच केलंय, ताई. नववीत, मित्राला दाखवायला अंडं उचललं होतं. माझ्या नराने पंख कानशिलावर मारला. कबुतराचा पंख किती सणसणीत बसतो हे ज्याला बसलाय त्यालाच कळतं. अंडं फरशीवर. ते पान मी रद्दीवाल्याच्या दुकानात उभ्यानेच दोनदा वाचलं.

आता माणसाबद्दल. धन गोपाल मुकर्जी, जन्म १८९० चा, कलकत्त्याजवळच्या गावातला. घर ब्राह्मणाचं, देवळाच्या सेवेतलं. वडील वकील, पुढे वकिली सोडून गाण्यात रमलेले. आईच्या तोंडच्या गोष्टींवर वाढलेला मुलगा. काही काळ पौरोहित्याच्या शिक्षणासाठी भिक्षा मागत फिरलाही. मग घरच्यांनी यंत्रविद्या शिकायला जपानला पाठवला. कारखान्याचं ते जग त्याला मानवलं नाही आणि १९१० च्या सुमारास तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटीत बसला. खिशात दमडी नाही. तिथे भांडी घासली, शेतांवर मजुरी केली, आधी बर्कलीत आणि मग स्टॅनफर्डमध्ये शिकला. १९१४ मध्ये पदवी मिळाली. एथेल रे डुगन या अमेरिकन चित्रकर्तीशी लग्न झालं, एक मुलगा झाला. 'कास्ट अँड आउटकास्ट' (१९२३) हे त्याचं आत्मचरित्र मिळालं तर बघा. अर्धं भारतातलं, अर्धं अमेरिकेतलं, आणि माझ्या मते दुसरा अर्धा जास्त जिवंत. उपाशीपोटी माणूस उगाच तत्त्वज्ञान सांगत नाही.

मुलांसाठीचं लेखन १९२२ मध्ये 'कारी द एलिफंट'पासून सुरू झालं. मग 'हरी द जंगल लॅड', मग १९२७ मध्ये हे कबूतर. त्याला पुढच्या वर्षी न्यूबेरी. मग घोंड नावाच्या शिकाऱ्यावरचं पुस्तक, हत्तींच्या कळपाचं, रामाचं, हनुमानाचं, शेवटी १९३६ मध्ये एका वाघाचं. साधारण पंधरा वर्षांत एवढा पसारा, शिवाय गावोगाव व्याख्यानं. पोट त्यावरच होतं.

शेवंतीताई, तुमचा मुद्दा अगदीच खोटा नाही. अमेरिकन वाचकाला त्या काळी भारताकडून अध्यात्म हवं होतं आणि मुकर्जींनी ते मापाने घातलंय. हिमालयातल्या लामांची पानं मला आजही लांबलेली वाटतात. पण साप-साधू छाप नाही. यातला मुलगा गच्चीवर बी टाकतो, विष्ठा काढतो, पिल्लाला उडायला शिकवताना घाबरतो. महाराजा कुठे आहे त्यात?

युद्धाचं सांगतो. कबूतर याच घोंड नावाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याबरोबर हिंदी फौजेतून फ्रान्सला जातं, निरोप पोचवायला. त्याच्यासोबत गेलेलं हिरा नावाचं कबूतर परत येत नाही. मुलांना डोळ्यांत पाणी येईल ते इथे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं : परत आल्यावर हा पक्षी उडतच नाही. पंख बरा झालाय, भीती बरी झालेली नाही. आणि नुसतं कबूतरच नाही, म्हातारा शिकारीही आतून हललाय. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. तेव्हा मोठ्यांच्या पुस्तकांतही ही गोष्ट सगळे उघड बोलत नव्हते, आणि हा माणूस ती दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगतोय. त्या लांबलेल्या लामांना मी माफ करतो ते याचसाठी. दोघं बरे व्हायला तिथेच जातात.

तर द्या, पण हातात देऊन बाजूला होऊ नका. तुम्ही वाचा, तिने ऐकावं. तिला एकटीला काही वाचायचं असेल तर आधी 'कारी'. पाच महिन्यांचं हत्तीचं पिल्लू, त्याला सांभाळणारा नऊ वर्षांचा मुलगा, म्हणजे तिच्याच वयाचा. ते पिल्लू घरातली केळी चोरतं आणि खिडकीतून आत आलेल्या सोंडेमुळे पकडलं जातं.

पंतोजी

गच्चीवरचे, सगळं लिहिलंत आणि मुख्य नावच गाळलंत! 'गे-नेक' हे त्याचं नाव नाहीच. पुस्तकातच दिलंय की त्याचं नाव 'चित्रग्रीव'. चित्र म्हणजे रंगीबेरंगी, ग्रीवा म्हणजे मान.

आता आठवा, चित्रग्रीव कोण? पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातला, मित्रसंप्राप्तीतला कपोतराज. पारध्याच्या जाळ्यात सगळा थवा अडकतो, राजा म्हणतो सगळे एकदम उडा, आणि थवा जाळं घेऊनच उडतो. मग हिरण्यक उंदराकडे जाऊन पाश कुरतडून घेतात, आणि राजा म्हणतो, आधी माझ्या प्रजेचे तोड, माझे शेवटी. हितोपदेशातही हा आहे. मी संस्कृत शिकवायचो तेव्हा हा पाठ दरवर्षी असायचा आणि 'आधी प्रजेचे' या जागी वर्गात हमखास कुणीतरी विचारायचं, "सर, आणि दात थकले तर?" उंदीर स्वतःच राजाला हेच सांगतो, हे त्या पोरांना माहीत नसायचं.

अमेरिकन मुलाला 'गे-नेक' म्हणजे मानेवर रंग असलेलं कबूतर, एवढंच. आपल्या मुलाच्या कानावर 'चित्रग्रीव' पडलं की मागे अख्खी गोष्ट उभी राहते. मुग्धाताई, लेकीला आधी ती जाळ्याची गोष्ट सांगा, मग हे पुस्तक उघडा.

गच्चीवरचा

पंतोजी, कान पकडतो. माझी कबुतरं काळू, पांढरी आणि 'तो हरामखोर' एवढ्याच नावांची होती, त्यामुळे नावाकडे लक्ष गेलं नाही.

जुन्या_रॉयवाद्याचा_नातू

यात एक धागा माझाही आहे म्हणून लिहितो. आमच्या आजोबांच्या खोलीत मानवेंद्रनाथ रॉय यांचा फोटो होता. महाराष्ट्रात रॉयवाद्यांची एक पिढीच होऊन गेली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यातलेच. आता गंमत ऐका. 'मानवेंद्रनाथ' हे त्यांचं जन्मनाव नव्हे. ते नरेंद्रनाथ भट्टाचार्य. जर्मन शस्त्रं मिळवण्याच्या खटपटीत फिरत फिरत १९१६ मध्ये ते कॅलिफोर्नियात पोचले, मागावर पोलीस. स्टॅनफर्डला ते कुणाकडे गेले? याच धन गोपालांकडे. जुनं सगळं पुसून टाक, नवा माणूस हो, असा सल्ला धन गोपालांनी दिला आणि नवं नाव तिथेच घेतलं गेलं. हे रॉय यांनी स्वतः आठवणींत लिहिलंय. त्यांची पहिली पत्नी एव्हलिन ट्रेंट हिची ओळखही स्टॅनफर्डच्या त्याच वर्तुळातली.

धन गोपालांकडेच का? कारण त्यांचे थोरले भाऊ जदुगोपाल मुकर्जी हे बंगालातल्या 'युगांतर' या गुप्त संघटनेचे मोठे क्रांतिकारक. १९१५ मध्ये तिचे नेते बाघा जतीन चकमकीत पडल्यावर त्यांनीच संघटना सांभाळली, कित्येक वर्षं भूमिगत राहिले. पुढे रांचीला डॉक्टरकी केली, क्षयरोगाचे नावाजलेले. म्हणजे घरात एक भाऊ फरारी आणि दुसरा अमेरिकेत मुलांना हत्तीच्या गोष्टी सांगतोय. धाकट्याने या भावावर 'माय ब्रदर्स फेस' (१९२४) असं पुस्तकच लिहिलंय.

आजोबा हे नाव सांगताना म्हणायचे, बारसं करणारा लोक विसरतात, बाळ लक्षात ठेवतात.

शेवंती

हे माहीत नव्हतं. मागे घेते, निदान अर्धं. पण मला सांगा, इतकं सगळं असून हे नाव गेलं कुठे? इकडे नाही, तिकडे नाही.

गच्चीवरचा

दोन्हीकडे अर्धाच होता म्हणून, असं मला वाटतं. इंग्रजीत लिहिलं, न्यूयॉर्कला ई. पी. डटनने छापलं, त्यामुळे बंगालीतल्या बालसाहित्याच्या रांगेत तो बसत नाही. आणि तिकडे?

तिकडचं ऐका. न्यूबेरी मिळायला लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा लागतो. हा रहिवासी होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांच्यातल्याही कित्येकांचं काढून घेतलं. 'कास्ट अँड आउटकास्ट' त्याच वर्षीचं. आणि पाच वर्षांनी त्याच देशाच्या ग्रंथपालांनी 'अमेरिकन बालसाहित्यातली सर्वोत्तम भर' म्हणून पदक दिलं ते एका हिंदी माणसाच्या पुस्तकाला. कायदा बदलला १९४६ मध्ये. मुकर्जी १९३६ मध्येच गेले.

मुग्धाताई, लेकीने विचारलं ना 'आपल्यातले का'? तो प्रश्न तिथल्या कोर्टानेही विचारला होता, फक्त उलट्या बाजूने.

मुग्धा_न्यूजर्सी

बाप रे, एका चांदणीपासून कुठे आलो आपण! काका, पंतोजी, सगळ्यांचे आभार. काल रात्री जाळ्याची गोष्ट सांगितली. आज पहिलं प्रकरण.

एक अडचण. लेकीने पुस्तकाच्या मागे वाचलं की लेखक १९३६ मध्ये गेले, वजाबाकी केली आणि म्हणाली, "शेहेचाळीसच? आजारी होते?" मी शोधलं तेव्हा कळलं काय झालं ते. तिला काय सांगू?

गच्चीवरचा

हो. न्यूयॉर्कमध्ये, जुलै महिन्यात, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

मी डॉक्टर नाही, पण तीन नातवंडांचा आजोबा आहे. खोटं सांगू नका, आणि सगळंही सांगू नका. 'त्यांचं मन फार आजारी होतं आणि तेव्हा त्यावर नीट औषध नव्हतं', एवढं नऊ वर्षांना पुरतं. अजून मोठी झाली की उरलेलं विचारेल, तेव्हा उरलेलं सांगा. आणि एक विनंती : त्यांच्या शेवटावरून पुस्तक वाचू नका. लोक तसं करतात. कबुतराची भीती म्हणजे लेखकाचीच भीती वगैरे जोडतात. पुस्तक नऊ वर्षं आधीचं आहे. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता, मुलगा वाढत होता, आणि तो आपल्या गच्चीबद्दल लिहीत होता.

पंतोजी

याला माझं अनुमोदन. रामकृष्ण परमहंसांवरचं त्यांचं 'द फेस ऑफ सायलेन्स' (१९२६) वाचून फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ रामकृष्णांकडे वळले आणि पुढे त्यांनी चरित्र लिहिलं. ज्याच्या एका पुस्तकाने असं काही घडतं त्याला फक्त शेवटाने मोजणं बरं नव्हे.

गच्चीवरचे, मराठीत आणा की हे. तुमच्यासारखा दुसरा माणूस मिळणार नाही.

गच्चीवरचा

आणतोच आहे, आता सांगून टाकतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क असतो, तो १९९६ अखेर संपला. तिकडेही १९२७ ची पुस्तकं २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्यांना मोकळी झाली. कुणाची परवानगी लागत नाही, फक्त वेळ लागतो. वहीत रोज दोन पानं करतो, नातीसाठी. 'टंबलर' आलं की गिरेबाज, 'फॅनटेल' आलं की लक्का, शोधावं लागत नाही. 'गे-नेक' लिहिताना मात्र पेन अडायचं, चार वेळा खोडलं. पंतोजींनी डोळे उघडल्यापासून 'चित्रग्रीव' लिहितो, आणि आता मागची चाळीस पानं दुरुस्त करत बसलोय.

लामांची पानं थोडी कापावी असं मनात होतं. नाही कापणार.

मुग्धा_न्यूजर्सी

काका, तिसऱ्या दिवसाची हकिगत. अंड्याचं प्रकरण झालं. रडेल वाटलं होतं, रागावली. पुस्तक मिटून म्हणाली, "पण त्याने आधी बाबा कबूतर कुठे आहे ते बघायला नको होतं का?" मग झोपताना दिवा घालवल्यावर अंधारातून प्रश्न, "एक अंडं गेलं हे त्यांना कळतं का? मग ते दुसऱ्यावर बसतात का?"

मी म्हटलं, हे मला माहीत नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांना विचारते.

गच्चीवरचा

बसतात. माझी जोडी बसली होती. मादी आली, घरट्यात एकच अंडं बघून थोडी थांबली, चोचीने ते पोटाखाली ओढलं आणि बसली. नर मात्र दोन दिवस मला ढाबळीजवळ फिरकू देत नव्हता. सतराव्या की अठराव्या दिवशी पिल्लू आलं, मोठं झालं, उडालं. तोच पुढे 'तो हरामखोर' झाला.

आणि तिला सांगा, बाबा कबूतर कुठे आहे ते मीही बघितलं नव्हतं.